'ताजीरात-ए-हिंद'मधला ताजीर

जुन्या हिंदी सिनेमातला कोर्टाचा प्रसंग आठवा. जजसाहेब चष्मा सारखा करतात, आणि निकालात हटकून येतं: ताजीरात-ए-हिंद, दफा 302. दफा म्हणजे कलम, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. ताजीरात म्हणजे काय, असं नववीच्या उर्दूच्या तासाला एका मुलीनं विचारलं. मी सांगून टाकलं, "ताजीर म्हणजे शिक्षा. ताजीरात हे त्याचं अनेकवचन."

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिचे नाना मकतबमध्ये शिकवतात. त्यांनी विचारून पाठवलं होतं, "सरांना म्हणावं, सूरह आराफची 157 वी आयत बघा." तिथं रसूलुल्लाहवर ईमान आणणाऱ्यांचं वर्णन आहे आणि त्यात 'अज्जरूहु' हे क्रियापद आहे. ऐन, झे, रे. ताजीरचीच मुळाक्षरं. आता तिथं 'शिक्षा केली' असा अर्थ लावून बघा! अर्थ अगदी उलटा आहे: त्यांना साथ दिली, त्यांचा आदर राखला. सूरह माइदा आणि सूरह फतहमध्येही हा शब्द येतो. तिन्ही ठिकाणी मदत आणि सन्मान. शिक्षा कुठेच नाही.

एकाच शब्दाला परस्परविरोधी अर्थ असले की अरबीत त्याला 'अझदाद'मध्ये धरतात. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-अंबारींनी अशा शब्दांवर अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्या ओळखीचं उदाहरण 'मौला'. मौला म्हणजे मालक, आणि मौला म्हणजे मालकानं मुक्त केलेला गुलामसुद्धा. इंग्रजीही यात मागे नाही. ऑफिसात 'बिल सँक्शन झालं' म्हणजे मंजूर झालं, आणि बातम्यांत 'इराणवर सँक्शन्स' म्हणजे निर्बंध. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पवित्र मानून पक्कं करणं. कायदा पक्का केला तेही सँक्शन, आणि तो मोडणाऱ्याला काय होईल तेही सँक्शन. सरकारी अधिकाऱ्यावर कामाच्या संदर्भात खटला भरायचा तर आधी सरकारची सँक्शन घ्यावी लागते. शिक्षेच्या वाटेवर जायला मंजुरी!

ताजीरचं कोडं राघिब इस्फहानी यांनी कुरआनातल्या शब्दांच्या आपल्या कोशात सोडवलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला अपाय करणारी गोष्ट त्याच्यापासून दूर ठेवणं ही मदत, आणि माणसालाच अपायकारक गोष्टीपासून रोखणं हीसुद्धा मदतच. ते त्या प्रसिद्ध हदीसचा आधार घेतात, ज्यात भाऊ जालिम असो की मजलूम, त्याला मदत करायला सांगितलं आहे. जालिमची मदत म्हणजे त्याचा हात धरणं. मुळात शब्दाचा अर्थच रोखणं, अडवणं असा आहे. कुणाला अडवायचं, यावर अर्थ फिरतो.

फिकहमध्ये मात्र शिक्षेचाच अर्थ पक्का झाला. हद म्हणजे ठरलेली शिक्षा, काजीला त्यात फेरफार करता येत नाही. किसास म्हणजे खून आणि जखमांचा बदला, जो वारस माफही करू शकतात. उरलेलं सगळं ताजीर. तिथं काजीच्या विवेकावर भिस्त: समज देणं, झापणं, कैद, फटके. इमाम अबू हनीफांच्या मते फटके जास्तीत जास्त 39, म्हणजे सर्वांत हलक्या हदपेक्षाही एक कमी.

इथवर वाचून छान वाटतं. पण बाराव्या शतकातल्या कासानींचा हनफी ग्रंथ 'बदाइउस्सनाए' उघडला की घास घशात अडकतो. ताजीरच्या तिथं पायऱ्या आहेत. उलमा आणि सादात यांना काजीनं नुसता निरोप धाडावा की तुमच्याबद्दल असं ऐकलं. प्रतिष्ठितांना दारात बोलावून सुनवावं. मधल्या लोकांना बोलावून कैदही करावी. खालच्यांना फटके आणि कैद. ज्याला शब्द पुरतो त्याला छडी कशाला, असा युक्तिवाद. पण शब्द कुणाला पुरतो हे खानदानावरून ठरवायचं? वर्गात असं वागणारे शिक्षक मी पाहिले आहेत. डॉक्टरच्या मुलाला 'बेटा, असं नको करू', आणि हमालाच्या मुलाला कानाखाली. सुरुवातीच्या वर्षांत मीही फार वेगळा नव्हतो. बीएडच्या परीक्षेत शिक्षेवर चांगली टिपण लिहून पास झालो होतो, एवढंच.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या 1827 च्या संहितेनं फौजदारी कायदा लेखी केला. मेकॉलेच्या आयोगाचा मसुदा 1837 मध्ये तयार झाला, कायदा 1860 मध्ये झाला, आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झाला. त्याचा उर्दू अनुवाद करणाऱ्यांत डेप्युटी नजीर अहमद होते, ज्यांनी पुढे कुरआनचाही तर्जुमा केला. हा शब्द त्यांच्या हाताखालून दोन्ही अर्थांनी गेला असणार. नावात 'हुदूद' न घेता 'ताजीरात' घेतलं, हे मला नेमकं वाटतं. हद अल्लाहची, हा कायदा माणसांचा. गंमत अशी की ताजीरचा सगळा जीव काजीच्या मोकळीकीत, आणि या पुस्तकात प्रत्येक गुन्ह्याला जास्तीत जास्त किती ते छापलेलं. जात-खानदान न बघता, निदान कागदावर.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, 302 चं 103 झालं. पाकिस्तानात अजून ताजीरात-ए-पाकिस्तान चालू आहे.

हे सगळं त्या मुलीला जमेल तेवढं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सर, 302 मध्ये फाशी दिली तर मदत कुणाची झाली?"

मी म्हणालो, फिकहच्या हिशेबात खून मुळात किसासमध्ये येतो, तिथं माफीचा हक्क वारसांचा. आपल्या कायद्यात फिर्यादी सरकार असतं, वारसांच्या माफीनं खुनाचा खटला मिटत नाही. म्हणजे 302 वर ताजीरचं नाव तसं उसनंच होतं.

तिनं वहीत लिहून घेतलं, नानांना दाखवायला. नाना काय म्हणाले, ते अजून कळलेलं नाही.