मुलकी नियम

भूतपूर्व हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरीसाठी ‘मुलकी’ (देशीय) कोण व ‘गैरमुलकी’ (परदेशीय) कोण, हे ठरविणारे नियम. देश या अर्थाच्या ‘मुल्क’ या अरबी शब्दावरून ही संज्ञा आली. ‘मुलकी प्रशासन’ या प्रयोगातील महसुली वा नागरी अर्थाशी तिची गल्लत करू नये. आजचा हिंगोली जिल्हा (स्थापना १ मे १९९९) त्या वेळी संस्थानच्या परभणी जिल्ह्यात मोडत असल्याने तेथेही हे नियम लागू होते.

पहिल्या सालारजंगाने प्रशासन सुधारण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून अधिकारी आणविले. पुढे राज्यकारभारात फार्सीची जागा उर्दूने घेतल्यावर स्थानिक सुशिक्षितांची कुचंबणा वाढली. अखेर मीर उस्मान अली खान याच्या १९१९ च्या फर्मानानुसार नियमांना निश्चित रूप मिळाले. मुलकी पित्याची संतती, मुलकी व्यक्तीची पत्नी, तसेच जन्मसमयी ज्याचा पिता पंधरा वर्षांची सेवा झालेला संस्थानी नोकर होता असा मुलगा, हे मुलकी ठरत. बाहेरून आलेल्यास मात्र दोन अटी होत्या : किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य आणि पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे, दंडाधिकाऱ्यासमोर केलेले शपथपत्र.

या दुसऱ्या अटीतच नियमांचे मर्म आहे. पोटासाठी येऊन वीस वर्षे राहिलेला, परंतु गावाकडे डोळे लावून बसलेला मनुष्य कायद्याने स्थलांतरितच राहतो. वास्तव्यास कायम वस्तीच्या हेतूची जोड मिळाली, की अधिवास सिद्ध होतो. पैनगंगेपलीकडील वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अमलाखाली होते. तेथून हिंगोलीकडे नोकरीसाठी येणारा, भाषा व नातीगोती एकच असूनही, केवळ त्या बळावर मुलकी ठरत नसे. उलट तिकडून सून म्हणून आलेली स्त्री विवाहानेच मुलकी होई. मनातील हेतू कागदावरून ठरविण्याची ही पद्धत सदोषच होती.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर बाहेरील नोकरवर्ग वाढला, खोट्या मुलकी दाखल्यांच्या तक्रारी होऊ लागल्या आणि १९५२ मध्ये वरंगळ-हैदराबाद येथे चळवळ होऊन गोळीबारात बळी गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. नोकरीतील निवासाच्या अटी रद्द करणाऱ्या १९५७ च्या केंद्रीय अधिनियमात तेलंगणासाठी अपवाद ठेवण्यात आला. मराठवाड्यास तो नव्हता. लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांचे नागपूर करारातील (१९५३) आश्वासन तेवढे मराठवाड्याच्या हाती राहिले, आणि ते न्यायालयात बजावता येणारे नव्हते. तेलंगणात १९६९ व १९७२ च्या न्यायनिर्णयांनी वाद पुन्हा पेटला. १९७३ मध्ये संसदेने मुलकी नियम रद्द केले व आंध्र प्रदेशासाठी संविधानात ३७१-घ हा अनुच्छेद घातला.