छापून आलं होतं ना... मग गेलं कुठे?

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा आमच्या धंद्यातला आहे, पण इतिहासाशी नातं सांगणारा. विषय असा: एकदा प्रसिद्ध झालेली बातमी नंतर बदलणे.

आधी छापील जमाना बघू. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'मध्ये आला. त्याला आधार होता काही पत्रांचा. पुढे ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफीही मागितली, पण खटला चाललाच आणि दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. अंक घरोघरी पोचले होते, परत कुठून आणणार? छापणं म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण.

म्हणून छापील वर्तमानपत्रात चूक दुरुस्त करायची एकच रीत होती: दुसऱ्या दिवशी नवीन मजकूर छापायचा. कधी कधी हा 'दुसरा दिवस' फारच उशिरा उगवायचा. जानेवारी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात रॉबर्ट गॉडार्ड या शास्त्रज्ञाची टर उडवली होती. निर्वात पोकळीत रॉकेट चालेल असं म्हणणाऱ्याला शाळेतलं भौतिकशास्त्रही येत नाही, असा एकंदर सूर. अपोलो-११ चंद्राकडे निघालं १६ जुलै १९६९ ला, आणि १७ जुलैला टाइम्सने दुरुस्ती छापली! ४९ वर्षांनी!! हसू येतं खरं, पण गंमत बघा, १९२०चा तो अग्रलेख आजही जसाच्या तसा वाचता येतो. चूकही शाबूत, दुरुस्तीही शाबूत.

छापलेलं पुसायचा प्रयत्न कुणी केलाच नाही असं नाही. बेरिया हा स्टालिनचा उजवा हात. सोव्हिएत महाकोशाच्या १९५० सालच्या पाचव्या खंडात त्याच्यावर मोठा लेख होता. १९५३ मध्ये बेरियाला अटक करून गोळ्या घातल्या. १९५४ मध्ये ग्राहकांना नवी पानं टपालाने आली, सोबत सूचना: जुनी पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापा आणि ही चिकटवा. नव्या पानांवर बेरियाच्या जागी इतर मजकूर होता, त्यात बेरिंग समुद्राची माहिती ऐसपैस! पण एवढा खटाटोप केल्यावर बदल लपणार कसा? ज्याच्या हातात कात्री दिली, त्याला कळलंच ना.

आता आमच्या जमान्यात या. बातम्यांच्या साइट्स ज्यावर चालतात त्या कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीममध्ये बातमी म्हणजे डेटाबेसमधली एक ओळ. उपसंपादक 'एडिट' दाबतो, मजकूर बदलतो, 'अपडेट' दाबतो. साध्या सिस्टीममध्ये जुन्या मजकुरावर नवा मजकूर बसतो आणि जुना गायब. कात्री नाही, टपाल नाही, वाचकाला पत्ता नाही. वर्डप्रेससारख्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्येसुद्धा लेखाच्या जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय आली ती जुलै २००८ मध्ये, २.६ या व्हर्जनमध्ये. आणि तीही लिहिणाऱ्यासाठी. वाचकाला ती आपोआप दिसत नाही.

तारखांचीही तीच तऱ्हा. लिहिल्याची तारीख वेगळी, बदलल्याची वेगळी. पानावर कुठली दाखवायची (किंवा दाखवायचीच नाही) हे टेम्प्लेट बनवणारा ठरवतो. क्षुल्लक वाटतं? सप्टेंबर २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या दिवाळखोरीची २००२ सालची बातमी फ्लोरिडातल्या एका वर्तमानपत्राच्या साइटवर पुन्हा वर आली. पानावर मूळ तारीख दिसत नव्हती. गूगल न्यूजच्या प्रोग्रॅमने ती ताजी समजून उचलली, तिथून ती ब्लूमबर्गच्या पडद्यांवर गेली, आणि साधारण १२ डॉलरचा शेअर काही मिनिटांत ३ डॉलरवर! व्यवहार थांबवावे लागले. कंपनी तर २००६ मध्येच दिवाळखोरीतून बाहेर आली होती. खुलाशानंतर भाव बराचसा सावरला, पण मधल्या मिनिटांत ज्यांनी घाबरून विकले त्यांचं काय?

पैशांचं एक वेळ सोडा. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर ७०० हून जास्त आंदोलकांना अटक झाली. टाइम्सच्या साइटवर बातमीच्या पहिल्या रूपात असं होतं की पोलिसांनीच त्यांना पुलावर जाऊ दिलं आणि मग पकडलं. थोड्याच वेळात वाक्य बदललं: आंदोलक रस्त्यावर उतरले म्हणून अटक झाली. बातमी तीच, पत्ता तोच, दोष मात्र इकडून तिकडे! लोकांनी पडद्याचे फोटो काढून ठेवले नसते तर हे कळलंही नसतं.

२०१२ मध्ये काही प्रोग्रॅमर आणि एका पत्रकार बाईंनी मिळून 'न्यूजडिफ्स' नावाचा प्रकल्प काढला. मोठ्या साइटवरच्या बातम्या पुन्हा पुन्हा तपासायच्या आणि कुठला शब्द कधी बदलला ते दाखवायचं. आम्ही कोडसाठी रोज जे 'डिफ' वापरतो, तेच बातमीला लावलं. विकिपीडियात तर प्रत्येक लेखाचा असा इतिहास सगळ्यांसाठी उघडा असतो.

माझं म्हणणं बातमी बदलू नये असं अजिबात नाही. भूकंपातल्या मृतांचा आकडा तासातासाला बदलणारच, आणि एखाद्या निर्दोष माणसाचं नाव चुकून आलं तर ते तातडीने काढलंच पाहिजे. पण 'काढलं' हे लिहायला काय जातं?

आपल्याकडे पेढीवरच्या जुन्या मुनीमजींना हे पक्कं माहीत होतं. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही. नोंद चुकली तर उलटी नोंद करायची आणि मग बरोबर नोंद. वही घाण दिसते, पण खरी राहते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे करायला फार तर एक जास्तीचं टेबल लागतं. डिस्क आता स्वस्त आहे हो. विश्वास तेवढा स्वस्त नाही.