केडगावचे संजीवन आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या

ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास मिशन सोसायट्यांच्या दप्तरांवरून लिहिण्याची वहिवाट आपल्याकडे पडली आहे; आणि अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरास ठाणे घातल्यापासून या मुलखातील बहुतेक मंडळ्या कोणत्या ना कोणत्या सोसायटीच्या मंजुरीने व तिच्याच द्रव्यसाहाय्याने उभ्या राहिल्या असल्यामुळे ती वहिवाट सर्वस्वी चुकीची ठरविता येत नाही. तथापि मंडळी जन्मास येण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्यात हा क्रम उलटा असतो: आधी एखाद्या जनसमुदायात पश्चात्तापाचा व प्रार्थनेचा प्रक्षोभ उसळतो, आणि त्याला सामावून घेण्यास जुनी व्यवस्था अपुरी पडली म्हणजे मागाहून नवी मंडळी, तिचे पाळक आणि तिचा कारभार ही अस्तित्वात येतात. अशा प्रक्षोभाला ख्रिस्ती समाज संजीवन म्हणतो. त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे १९०५ मध्ये घडले, आणि त्याचे सर्वांत मोठे फळ मात्र महाराष्ट्रात नव्हे, दक्षिण अमेरिकेतील चिली देशात दिसून आले.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले, हे सर्वश्रुत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात स्वतः फिरून त्यांनी अन्नान्न झालेल्या विधवा व मुली गोळा केल्या, केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभारून त्यांची सोय लावली, आणि १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तिसदनाची वस्ती दोन हजारांच्या आसपास पोहोचली. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातील अँग्लिकन चर्चमध्ये झाला असला, तरी मुक्तिसदन त्यांनी कोणत्याही पंथाच्या किंवा परदेशी सोसायटीच्या अंमलाखाली जाऊ दिले नाही. तेथे उपदेश करणारी, प्रार्थना चालविणारी आणि निर्णय घेणारी बाईच होती; तिला कोणाचा हुकूम आणावा लागत नव्हता.

१९०४ मध्ये वेल्समध्ये मोठे संजीवन झाले, आणि तेथील प्रेस्बिटेरियन मिशनरींनी दीर्घकाळ सेवा केलेल्या खासी डोंगरांतही १९०५ च्या आरंभी ते प्रगटले. त्याच वर्षीच्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या विशेष प्रार्थनेस प्रारंभ केला. आरंभी सत्तरएक स्त्रिया जमत. जूनपर्यंत ती संख्या पाचशेंवर गेली. शाळेचा अभ्यास बाजूस ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास कोण जाईल, असे त्यांनी विचारले तेव्हा तीस मुली पुढे आल्या, आणि जाण्यापूर्वी सामर्थ्य मिळावे म्हणून त्या एकत्र प्रार्थना करू लागल्या.

२९ जूनच्या पहाटे, साडेतीनच्या सुमारास, त्यांच्यापैकी एक मुलगी झोपेतून उठून मोठ्याने देवाची स्तुती करू लागली. तिच्याभोवती ज्वाळा आहेत असे पाहून खोलीतील दुसरी मुलगी धावत गेली, तिने पाण्याची बादली भरून आणली, आणि ती ओतणार इतक्यात तिच्या लक्षात आले की त्या मुलीला आग लागलेलीच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत रीतीने योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय समजावून सांगत असता सर्व मुली एकाच वेळी उच्च स्वराने रडू व प्रार्थना करू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. दुष्काळाच्या वाटेवर आईबाप गमावलेल्या, आयुष्यात कोणीही कधी म्हणणे न विचारलेल्या या मुली होत्या; त्यांना भर सभेत आपल्या तोंडाने देवाशी बोलता यावे, ही मला त्या ज्वाळांच्या वार्तेहून अधिक मोठी घटना वाटते.

या गलबल्याला नाके मुरडणारे मिशनरी पुष्कळ होते. रमाबाईंची भूमिका अशी होती की हिंदी माणसाने आपली भक्ती आपल्या स्वभावाप्रमाणे व्यक्त करावी, पाश्चात्त्य शिस्तीचे माप तिला लावू नये. मुलींच्या टोळ्या खेडोपाडी निघाल्या, आणि जवळच दौंडास अल्बर्ट नॉर्टन यांनी दुष्काळपीडित मुलांसाठी चालविलेल्या आश्रमापर्यंत ही जागृती पोहोचली.

रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रॅम्स या मूळच्या अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरी. केडगावी जे पाहिले त्यावर त्यांनी १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि तिची एक प्रत शिकागोच्या प्रशिक्षणशाळेतील आपल्या जुन्या सहाध्यायिनीस धाडली. या बाईंचे पती विलिस हूव्हर हे चिलीतील व्हालपरायसो बंदरात मेथॉडिस्ट पाळक होते. १९०६ च्या भूकंपाने त्यांचे शहर उद्ध्वस्त झालेले होते. पतिपत्नींनी पुस्तिका वाचली, मंडळीला सांगितली, प्रार्थना चालू केली, आणि १९०९ मध्ये व्हालपरायसोतही केडगावसारखेच दृश्य दिसले. मेथॉडिस्ट अधिकाऱ्यांनी त्याचा निषेध केला. १९१० मध्ये हूव्हर व त्यांचे अनुयायी बाहेर पडले आणि स्वतंत्र पेंटेकॉस्टल मेथॉडिस्ट मंडळी स्थापन झाली. परदेशी निधीवाचून, गरीब चिली लोकांच्याच वर्गणीवर व श्रमावर ती वाढली, आणि त्या देशातील प्रॉटेस्टंट समाजाचा मोठा भाग आज तिच्याच शाखोपशाखांत मोडतो.

मग महाराष्ट्रात असे का झाले नाही? माझ्या मते याचे कारण रमाबाईंनी आधीच करून ठेवलेल्या व्यवस्थेत आहे. चिलीत जुन्या अधिकाराने दार लावले, म्हणून नवे घर बांधावे लागले. केडगावी दार लावणारा अधिकारीच नव्हता. तेथील मुली शिक्षिका झाल्या, बायबलबाई झाल्या, लग्न करून निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांत मिसळून गेल्या, आणि आपली प्रार्थना बरोबर घेऊन गेल्या. रमाबाईंनी स्वतः आपली उरलेली शक्ती मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलच्या मराठी भाषांतरात ओतली आणि ते काम संपवून १९२२ च्या एप्रिलमध्ये देह ठेवला. नव्या पंथाची स्थापना हेच संजीवनाच्या यशाचे एकमेव गमक मानणाऱ्यांना केडगाव वांझ वाटेल. मला ते मान्य नाही. जुन्या मंडळ्यांना मिळालेले हे मनुष्यबळ कोणत्याही अहवालात एका रकमेने मांडलेले नाही, इतकेच.

आपल्या चरित्रकारांनी समाजसुधारक रमाबाईंचा योग्य गौरव केला, पण १९०५ च्या या प्रकरणापाशी येताच बहुतेकांची लेखणी संकोचते. मुक्तिसदनाच्या ‘मुक्ती प्रेअर बेल’ या नियतकालिकाचे त्या काळचे अंक मराठी अभ्यासकांनी बारकाईने वाचावेत, आणि ज्यांच्या आज्या-पणज्या मुक्तिसदनात वाढल्या, त्या कुटुंबांनी त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकती, घरातील जाणती माणसे आहेत तोवर, लिहून ठेवाव्यात.