उकळीतून वाचलेले

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्टीवर दूध आटत असतं, उलथनं कढईचा तळ खरवडत असतं. इतक्या उकळीत कोणता जंतू टिकेल, असं वाटतं. पण बॅसिलस वंशाचे जिवाणू टिकतात, ते बीजाणूंच्या रूपात. बीजाणूच्या गाभ्यात पाणी अगदी कमी, कॅल्शियम डायपिकोलिनेट ठासून भरलेलं, भोवती पेप्टिडोग्लायकनचं जाड वेष्टन. त्यात आच सोसण्याजोगी असली, तर ती बीजाणूंना जागं व्हायला मदतच करते! मग खवा बराच वेळ कोमट राहिला की ते रुजायला मोकळे.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी: अंकुरण म्हणजे वाढ नव्हे. जागं होताना बीजाणू नवं विकर बनवत नाही. लागणारी विकरे तो तयार होतानाच त्यात बसवलेली असतात. बॅसिलस सबटिलिसमध्ये एल-ॲलानिन हे अमिनो आम्ल आतल्या पटलावरच्या ग्राहकाला भिडलं, की डायपिकोलिनेट बाहेर पडतं आणि पाणी आत शिरतं. मग सीडब्ल्यूएलजे आणि एसएलईबी ही विकरे वेष्टन तोडतात. दोघांपैकी एक नसलं तरी निभावतं. दोन्ही नसली, तर बीजाणू तिथेच अडकतो. मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती त्यांची नेमकी नजर. वेष्टनात म्युरॅमिक लॅक्टॅम नावाची खूण असते, ती जिथे आहे तिथेच ही विकरे चालतात. आतल्या भावी पेशीभित्तिकेवर ती खूण नसते, म्हणून भित्तिका शाबूत राहते.

सगळ्यांची रीत मात्र एक नाही. उस्मानाबादी शेळीला आंत्रविषाराने मारणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सच्या बीजाणूत वेष्टन तोडण्याचं काम एसएलईसी हे विकर करतं, पण तेही आधी निष्क्रिय असतं. दुसऱ्या विकराने त्याचा तुकडा छाटल्यावरच ते कामाला लागतं. फाशी रोगाच्या बीजाणूवर तर उलटं काम करणारं विकर सापडतं: ते एल-ॲलानिनचं डी-ॲलानिन करून अंकुरणाला लगाम घालतं.

हे नुसतं वाचून भागणार नाही. खव्याचा नमुना निर्जंतुक पाण्यात कालवून 80 अंशांना 10 मिनिटं ठेवा, म्हणजे सामान्य पेशी मरतील. उरलेलं पोषक आगारवर पसरा. फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक मिळाला, तर चकाकणारे बीजाणू अंकुरताना काळे पडलेले दिसतील. धाराशिवच्या विद्यार्थ्यांनी सुरुवात भूमच्या खव्यापासूनच करावी.