तुळजापुरात लॉज वाढवताय? स्लॅब टाकण्याआधी वीज-पाण्याचा हिशेब करा

तुळजापूर : नवरात्रात खोली शिल्लक राहत नाही, म्हणून आणखी एक मजला चढवायचा, असा विचार शहरातले अनेक लॉजमालक करतात. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गामुळे गर्दी वाढेल, ही आशाही आहेच. पण बांधकामाचं कर्ज कधीतरी फिटतं. वीज-पाण्याचा खर्च मात्र इमारत उभी आहे तोवर चालूच राहतो. तो किती येणार, हे बरंचसं नकाशा काढतानाच ठरतं.

गर्दी ठराविक दिवसांची, आकार बारा महिन्यांचा

शारदीय नवरात्र, कोजागिरी, शाकंभरी नवरात्र, चैत्री पौर्णिमा आणि मंगळवार, शुक्रवार, रविवार या दिवशी लॉज भरतात. एरवी बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात. वीजबिलातला स्थिर आकार मात्र रिकाम्या खोल्यांनाही सुटत नाही.

महावितरणच्या व्यावसायिक दरात २० किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला दरमहा ठराविक स्थिर आकार असतो. त्यापुढे तो केव्हीएनुसार, म्हणजे मागणीप्रमाणे लागतो. वापर कमी झाला तरी मंजूर मागणीच्या काही टक्क्यांवर आकार भरावाच लागतो. उलट मंजुरीपेक्षा जास्त मागणी गेली, तर जादा भागावर दीडपट दर बसतो. त्यामुळे लोड फार जास्त मागूनही चालत नाही आणि कमी मागूनही.

दहा खोल्यांचा हिशेब

समजा, दहा खोल्या वाढवल्या. प्रत्येकी २ किलोवॅटचा गिझर म्हणजे २० किलोवॅट. दीड टनाचे दहा एसी बसवले तर साधारण १५ किलोवॅट आणखी. पहाटे दर्शनाला निघणारे भाविक एकाच वेळी गिझर लावतात आणि मागणीचा आकडा तिथेच चढतो.

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट वीज लागते. दहा खोल्यांना मिळून १,००० लिटर धरलं, तर लॉज भरलेल्या दिवशी ४० युनिट नुसत्या आंघोळीला जातात. हे काम सौर बंबावर टाकलं तर युनिट वाचतातच, शिवाय लोडही कमी मागावा लागतो. ढगाळ दिवसांसाठी खोलीगणिक गिझरऐवजी सामाईक टाकीत एकच हीटर पुरतो. पाण्याची मोटर पहाटेच्या वेळेत न लावता दुपारी चालवावी. ज्यांच्या बिलात वेळेनुसार दर लागू आहेत, त्यांना दिवसाची वीज संध्याकाळपेक्षा स्वस्त पडते.

गच्ची मोकळी ठेवा

छतावरच्या सौर संचाला किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पाण्याची टाकी, जिना आणि मोबाईल टॉवर दक्षिणेला उभारले तर सावलीने ही जागा वाया जाते. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, लॉजला नाही. त्यामुळे ते धरून बजेट करू नये.

घरचं मीटर लॉजला चालत नाही

तुळजापुरात भाविकांना घरी उतरवण्याची पद्धत जुनी आहे. पण घरावर मजले चढवून भाड्याच्या खोल्या केल्या आणि मीटर घरगुतीच ठेवलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली कारवाई होऊ शकते. त्यात दुप्पट दराने आकारणी होते आणि गैरवापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांचा हिशेब लावतात. खोल्या सुरू करण्याआधीच वर्गवारी बदलून घेतलेली बरी.

पाणी

लॉजसाठी माणशी दिवसाला १८० लिटर पाणी धरायचं, असं भारतीय मानक सांगतं. वीस खाटा वाढल्या की रोज ३,६०० लिटर जादा. उन्हाळ्यात १० हजार लिटरचा टँकर तीन दिवसही पुरत नाही. छताचं पावसाचं पाणी साठवणारी टाकी पायाच्या कामातच घेतली तर स्वस्तात होते. आंघोळीचं पाणी संडासच्या फ्लशला वापरायचं असेल, तर वेगळी पाइपलाइन भिंती उभ्या राहतानाच टाकावी लागते.

अर्ज करण्याआधी

मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर घ्यावीत. प्रत्येक महिन्याची नोंदलेली मागणी, युनिट आणि भरलेल्या खोल्या एका कागदावर मांडाव्यात. दर बदलत असतात, म्हणून चालू दर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारावेत. मग परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडून लोड काढून घ्यावा आणि त्यानंतरच नकाशा पक्का करावा.