एक काडतूस, दोन रायफली : नॉर्वे आणि स्वीडन यांची निवड

दोन रचनांपैकी चांगली कोणती, हा प्रश्न अभियांत्रिकीत नेहमी येतो. पण कोणत्या कामासाठी चांगली, हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. १८९० च्या दशकात नॉर्वे आणि स्वीडन यांनी काडतूस एकच निवडले आणि रायफली मात्र वेगवेगळ्या घेतल्या. असे का झाले, हे या टिपणात पाहू.

लहान व्यासाकडे वाटचाल

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी धूररहित दारू तयार केली आणि १८८६ मध्ये फ्रान्सने ८ मिमी व्यासाची लेबेल रायफल स्वीकारली. तोपर्यंत बऱ्याच सैन्यांच्या रायफलींचा व्यास १० ते ११ मिमी असे. काळ्या दारूने गोळीला फार वेग देता येत नसे, म्हणून गोळी जड ठेवावी लागे.

हे गणिताने तपासू. ११ मिमीच्या जुन्या जर्मन रायफलीची गोळी सुमारे २५ ग्रॅमची होती आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ४३० मीटर होता. तिची गतिज ऊर्जा येते सुमारे २३०० ज्यूल. ६.५ मिमीची १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ७०० मीटर वेगाने निघाली, तर ऊर्जा येते २४५० ज्यूल. वजन निम्म्याहून कमी होऊनही ऊर्जा कमी झाली नाही, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय काडतूस हलके झाल्याने सैनिकाला तेवढ्याच ओझ्यात जास्त काडतुसे नेता आली.

एकमत आणि मतभेद

१८१४ पासून नॉर्वे आणि स्वीडनचा राजा एक होता, परराष्ट्र धोरणही एक होते. संसद आणि सैन्य मात्र स्वतंत्र होते. दोन्ही देशांनी मिळून ६.५ × ५५ मिमीचे काडतूस ठरवले. वेग, दाब, अचूकता या गोष्टी मोजता येतात, त्यामुळे येथे एकमत होऊ शकले.

रायफलीबाबत तसे झाले नाही. १८९४ मध्ये नॉर्वेने क्राग-यॉर्गेनसन स्वीकारली. ओले क्राग आणि एरिक यॉर्गेनसन हे तिचे रचनाकार कोंग्सबर्गच्या शस्त्र कारखान्याशी संबंधित होते. स्वीडनने त्याच वर्षी माउझरची कार्बाइन आणि १८९६ मध्ये लांब रायफल घेतली. सुरुवातीचा माल जर्मनीतील ओबर्नडॉर्फहून आला. पुढे उत्पादन एस्किलस्टुना येथील सरकारी कारखान्यात होऊ लागले.

दोन रचनांतील फरक

दोन्ही रायफलींत दाराच्या कडीसारखा सरकवून फिरवायचा बोल्ट आहे आणि दोन्हींच्या मॅगझिनमध्ये पाच काडतुसे मावतात. फरक भरण्याच्या पद्धतीत आहे. क्रागच्या उजव्या बाजूची झडप उघडून सुटी काडतुसे आत टाकायची. त्यासाठी बोल्ट उघडावा लागत नाही. नळीत एक काडतूस तयार ठेवून, म्हणजे रायफल सज्ज असतानाच, मॅगझिन भरता येते. माउझरचा बोल्ट उघडावा लागतो. पण पत्र्याच्या पट्टीत बसवलेली पाचही काडतुसे अंगठ्याच्या एका दाबाने आत जातात.

दुसरा फरक मजबुतीचा. स्फोटाचा मागे येणारा दाब बोल्टच्या टोकावरील लग, म्हणजे बाहेर आलेले कान, झेलतात. माउझरला समोरासमोर दोन लग असल्याने भार दोन्ही बाजूंना विभागला जातो. क्रागच्या पुढच्या टोकाला एकच लग आहे, त्यामुळे भार एका बाजूला येतो. हालचाल मात्र क्रागचीच जास्त गुळगुळीत, असे मानले जाते.

एकेक गोळी नेम धरून झाडायची आणि मॅगझिन अडीअडचणीसाठी राखून ठेवायचे, हा त्या काळी प्रचलित विचार होता. तो धरला तर क्राग सोयीची ठरते. थोड्या वेळात भरपूर गोळ्या झाडायच्या असतील तर माउझर सरस.

रणांगणावरचा निकाल

अमेरिकेने १८९२ मध्ये क्रागच निवडली होती, मात्र .३० इंच व्यासात. १ जुलै १८९८ रोजी क्यूबातील सान हुआनच्या लढाईत तिची गाठ स्पॅनिश सैन्याच्या ७ मिमी माउझरशी पडली. संख्येने कमी असलेल्या स्पॅनिश सैनिकांचा मारा अमेरिकी सैन्याला महागात पडला. नंतर काडतुसाचा जोर वाढवून पाहिला, तेव्हा क्रागच्या एकुलत्या लगला तडे जाऊ लागले. १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल माउझरच्या धर्तीवर बनली आणि अमेरिकी सरकारने पेटंटपोटी माउझर कंपनीला मोबदला दिला.

उत्तरेत वेगळाच प्रसंग उभा राहिला. ७ जून १९०५ रोजी नॉर्वेच्या संसदेने स्वीडनशी असलेला संयोग संपल्याचे जाहीर केले. दोन्ही सैन्ये सीमेवर जमली. एकमेकांच्या सोयीसाठी एकत्र बसून ठरवलेले काडतूस आता एकमेकांवरच वापरले जाण्याची वेळ आली होती. सप्टेंबरमध्ये कार्लस्टाड येथे वाटाघाटी होऊन युद्ध टळले.

निष्कर्ष

नॉर्वेची निवड चूक म्हणावी का? एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने आक्रमण केले, तेव्हाही नॉर्वेचे सैनिक क्राग घेऊनच लढले. म्हणजे रायफल टिकाऊ होती. कमी पडली ती तिच्यामागची अपेक्षा. लढाईची पद्धत बदलली, गोळीबाराचा वेग महत्त्वाचा झाला आणि सुटी काडतुसे भरण्याची सोय मागे पडली. दोन लगांमुळे माउझरकडे जास्त दाब सोसण्याची जी राखीव ताकद होती, ती १८९४ च्या काडतुसाला फारशी लागत नव्हती. पुढे ती कामी आली. म्हणून रचना निवडताना आजच्या गरजेबरोबर गरज बदलली तर काय, हेही तपासावे लागते.

विचारासाठी प्रश्न

१. काडतुसावर एकमत झाले, रायफलीवर झाले नाही. मोजता येणारे आणि न येणारे निकष वेगळे करून कारणे लिहा.
२. एक लग आणि समोरासमोरचे दोन लग यांवरील भाराची आकृती काढून तुलना करा.