मोरीपासून माठापर्यंत

आपणांपैकी ज्यांनी जुनी घरे पाहिली आहेत त्यांना मोरीमागचे परस आठवत असेल. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी पन्हळीतून तेथे उतरे. त्यावर अळू माजे, केळी पोसत, कर्दळ फुले. त्याच अळूचे फतफते पंगतीत भुरके मारून खाल्ले जाई आणि ते कोणत्या पाण्यावर वाढले हे कोणी विचारीत नसे. तेच पाणी शुद्ध करून तुमच्या माठात भरतो, असे कोणी म्हणाला असता तर मात्र पंगत उठली असती! अळूला चालते ते माठाला का चालू नये? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात थोडे आणि इतिहासात अधिक सापडते, असे आम्हांस वाटते.

सांडपाण्याची किळस म्हणजे निव्वळ अडाणीपणा नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने हाहाकार उडवला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे धुंडाळून बोट ठेवले ते तेथील सार्वजनिक पंपावर. त्या विहिरीत मैल्याचा पाझर होत होता. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणीही मारक असते, हे शहाणपण माणसाने प्रेते मोजून मिळवले आहे.

परंतु किळसेचे दुसरेही एक मूळ आहे आणि ते आपल्या घरचे आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी पाणी प्याले. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी ते ‘शुद्ध’ करून घेतले. कशाने? ज्यात शेण आणि गोमूत्र असते त्या पंचगव्याने! पाण्यात काय पडले याला महत्त्व नव्हते; पाण्याला कोणाचा हात लागला याला होते. पहिली किळस रोगापासून वाचवते, दुसरी माणसाला माणसापासून तोडते. लोकमताचा विचार करताना या दोन्ही वेगळ्या ओळखाव्या लागतात.

आता बाहेरचे अनुभव पाहू. १९५६ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील शानूट या लहान गावाची नदी दुष्काळाने आटली. नगराधिकाऱ्यांनी गावचेच सांडपाणी शुद्ध करून नळास सोडले आणि सुमारे पाच महिने ते पुनःपुन्हा फिरवले. पाणी त्या वेळच्या कसोट्यांस उतरत होते. परंतु त्यास पिवळसर झाक होती, फेस येई. लोक बाटलीचे पाणी विकत घेऊ लागले. त्यांना दोष कसा द्यावा? डोळ्यांना जे दिसत होते ते कागदावरच्या आकड्यांनी पुसले जात नव्हते.

आजच्या नामिबियाची राजधानी विंडहूक येथे १९६८ पासून असे शुद्ध केलेले पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. कोरड्या प्रदेशातील त्या शहरास दुसरा सोपा मार्ग नव्हता. योजना अर्धशतकाहून अधिक टिकली. मात्र ती सुरू झाली तेव्हा देश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता आणि तेथील बहुसंख्य काळ्या रहिवाशांना मताधिकारच नव्हता, हेही विसरू नये.

मत विचारले गेले ते ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा शहरात. धरणे आटत चालली होती. शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून गावची सुमारे एक-चतुर्थांश गरज भागवावी, अशी योजना होती. जुलै २००६ मध्ये मतदान झाले आणि सुमारे ६२ टक्के नागरिकांनी ती फेटाळली. योजना आधी जाहीर झाली, समजावणी मागाहून आली. तोवर विरोधकांनी ‘मैला पिणे’ हे शब्द घरोघर पोचवले होते. याउलट सिंगापूरने २००२ च्या राष्ट्रीय दिनी पंतप्रधानांसह हजारो लोकांच्या हाती त्या पाण्याच्या बाटल्या दिल्या, त्यास ‘न्यूवॉटर’ असे नाव दिले आणि पुढच्या वर्षी सर्वांना पाहण्यासाठी केंद्र उघडले. ते पाणी प्रामुख्याने कारखान्यांना जाते. थोडेच जलाशयांत मिसळते. तेथे मतदान झाले नाही हे खरे. परंतु शेजारच्या जोहोरहून येणाऱ्या पाण्यावर विसंबण्याची चिंता लोकांना ठाऊक होती आणि झाकून काही ठेवले गेले नाही.

आता आपल्याकडे वळू. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या धरणात जाते. त्यातले सगळेच शुद्ध होऊन जाते असे नाही. त्याच उजनीतून सोलापूर शहरास पिण्याचे पाणी मिळते. म्हणजे पुनर्वापर आपण केव्हाच पत्करला आहे. मात्र तो न विचारता, न सांगता आणि पुरेसा शुद्ध न करता. मध्ये नदी वाहते एवढ्याने आपली किळस शमते, आणि भोगतो तो खालच्या गावचा माणूस. ही किळस शमवणे सोपे आहे, पाणी शुद्ध करणे अवघड. म्हणून आपण सोपे तेवढे केले.

तेव्हा आरंभ माठापासून करण्याचे कारण नाही. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास दिले जाते; तशी कामे आधी, बागा आणि कारखाने आधी. तपासणीचे आकडे मात्र दर महिन्यास गावच्या चौकात, मराठीत, लागले पाहिजेत. आणि माठाचा प्रश्न ज्या दिवशी येईल त्या दिवशी तो दुष्काळाच्या घाईत नव्हे, तर भरल्या पावसाळ्यात लोकांपुढे मांडावा. परसातल्या अळूवर आपला विश्वास होता, कारण पाणी कोणत्या पन्हळीतून येते हे घरातल्या पोरालाही ठाऊक होते.